छोट्या लेथवर जॉब कशात बांधायचा? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

नवा लेथ घेतलेला माणूस फार दिवस थांबत नाही, लगेच विचारतो, "चांगला चक कुठला घेऊ?" चक म्हणजे लेथच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, बसणारी पकड, आणि तिच्यात बांधायचा तुकडा म्हणजे जॉब. कोणी कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाचे बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती नळी) करायला लेथ घेतलेला असतो, कोणी जुन्या स्कूटरच्या न मिळणाऱ्या सुट्या भागांसाठी, कोणी गोव्यातल्या मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवाल्यांची किरकोळ कामं मिळतील या हिशेबाने. प्रश्न सगळ्यांचा तोच. मी उलट विचारतो: तुमचा जॉब एकदा चकमधून काढल्यावर परत बांधावा लागणार आहे का?

सगळी निवड या एका प्रश्नावर ठरते. रॉड चकमध्ये पकडला, बाहेरून टर्न केला (कापून गोल केला), त्याच बांधणीत भोक पाडून बोअर केलं (आतून कापून मापाला आणलं), फेस केलं (तोंड सपाट केलं) आणि पार्टिंगने कापून काढला, तर बाहेरचा व्यास आणि आतलं भोक दोन्ही स्पिंडलच्या अक्षावरच तयार होतात. चक ०.१० मिमी वाकडा पळत असला तरी त्या जॉबला त्याचं काही नाही. चकचा दोष उघडा पडतो तो मशीन केलेला भाग दुसऱ्यांदा पकडताना. म्हणून स्वस्त थ्री जॉवर (तीन जबड्यांच्या चकवर) उत्तम बुश करणारे लोक आहेत आणि महागडा चक लावून वाकडे बुश करणारेही आहेत.

पुढचं सगळं दोन प्रकारच्या लेथना धरून लिहिलं आहे: टेबलावर मावणारा, ८० किंवा १०० मिमी चकचा छोटा लेथ, आणि आपल्याकडच्या वर्कशॉपात दिसणारा आटे असलेल्या स्पिंडलचा तीन ते साडेचार फुटी पट्ट्याचा (बेल्टने चालणारा) लेथ.

१. आधी ही हत्यारं जमवा

चकवर पैसे घालण्याआधी मोजायची साधनं घ्या. डायल नसेल तर कुठलाही चक अंदाजानेच चालवावा लागतो.

– ०.०१ मिमीचा लिव्हर डायल, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक. प्लंजर डायलही चालतो, पण स्पिंडलच्या टेपरमध्ये (निमुळत्या भोकात) किंवा भोकात आत जायला लिव्हरच लागतो.
– मॅग्नेटिक स्टँड. स्वस्त स्टँडचा दांडा लचकतो, त्यामुळे दुकानातच हाताने हलवून बघा.
– ०–२५ मिमी मायक्रोमीटर. डिजिटल व्हर्नियरवर शतांशाचं (०.०१ मिमीचं) काम सोपवू नका. पडद्यावर आकडा दिसतो म्हणून तो खरा असतोच असं नाही.
– कडक केलेल्या, ग्राइंड केलेल्या डॉवेल पिना: ६, १०, १२ मिमी. भंगारातल्या प्रिंटरमधला सरळ चकचकीत शाफ्टही या कामाला छान चालतो.
– तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, पितळी किंवा नायलॉनचा हातोडा, सेंटर ड्रिल.
– फोर जॉसाठी (चार जबड्यांच्या चकसाठी) दोन चाव्या. एका चावीने अर्धा तास लागतो तिथे दोन चाव्यांनी पाच मिनिटांत भागतं.

बाजारातला ब्राइट बार टेस्ट पिन म्हणून वापरू नका. तो दिसायला गुळगुळीत असतो, पण शतांश तपासण्याइतका गोल आणि सरळ नसतो. मग दोष रॉडचा असतो आणि शिव्या चक खातो.

२. स्पिंडल तपासा, मग चककडे बघा

चक काढा. स्पिंडलचा आतला टेपर कापडाने स्वच्छ पुसा, लिव्हर डायलचं टोक त्याला लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. मोटर चालू करायची नाही. काटा ०.०१ मिमीच्या आसपास हलला तर छोट्या लेथसाठी उत्तम. पाच-सहा शतांश हलत असेल तर प्रश्न बेअरिंगचा किंवा त्याच्या सेटिंगचा आहे, आणि तो नव्या चकने सुटणार नाही.

त्यानंतर फ्लँजचा चेहरा आणि चक बसतो ती गोल कड तपासा. इथे चिकटलेली एक बारीक चिप चकला तिरकं करते. चक बदलताना दोन्ही चेहरे बोटाने चाचपायची सवय लावून घ्या, डोळ्याला न दिसलेला कण बोटाला लागतो.

मग चक चढवा, डॉवेल पिन पकडा आणि दोन जागी रीडिंग घ्या: जॉपासून ५ मिमीवर आणि ७५ मिमीवर. दोन्ही आकडे वहीत लिहा. जवळ बरं आणि लांब वाईट असेल तर जॉ आतून झिजलेले असण्याची शक्यता मोठी आहे. ताडून बघायला दुकानाच्या बिलाच्या पातळ कागदाच्या पट्ट्या घ्या. प्रत्येक जॉ आणि पिन यांमध्ये एक पट्टी तोंडाशी आणि एक आत खोलवर ठेवून चक आवळा आणि पट्ट्या ओढा. तोंडाशी असलेल्या पट्ट्या अलगद निघाल्या आणि आतल्या घट्ट राहिल्या, तर जॉ तोंडाशी फाकले आहेत. अशा चकमध्ये जॉब मागच्या टोकाशीच धरला जातो, कट घेताना डोलतो आणि पार्टिंगला तर हमखास अडकतो.

आणखी एक. डायल ०.१० मिमी दाखवतो तेव्हा जॉबचं केंद्र ०.०५ मिमी सरकलेलं असतं, कारण काटा एका फेऱ्यात दोन्ही बाजूंची चूक एकत्र दाखवतो. पुढे फोर जॉ लावताना हा निम्मा हिशेब लागणार आहे.

३. थ्री जॉ: रोजचा गडी

थ्री जॉमध्ये तिन्ही जॉ एका स्क्रोलवर, म्हणजे चकच्या आतल्या सर्पिल आट्यांच्या चकतीवर, चालतात. चावी एका ठिकाणी फिरवली की तिन्ही एकदम आत येतात, म्हणून तो झटपट. अचूकतेची मर्यादाही त्याच स्क्रोलमुळे. साधारण चांगल्या छोट्या थ्री जॉमध्ये ०.०५ ते ०.०८ मिमी रनआउट (फिरताना डायलवर दिसणारा वाकडेपणा) धरून चाला. शिवाय तो प्रत्येक व्यासाला वेगळा असतो. १० मिमीला दोन शतांश दाखवणारा चक २५ मिमीला सात दाखवू शकतो, म्हणून एका पिनवर चकची परीक्षा संपवू नका.

गोल किंवा षटकोनी माल, एकाच बांधणीत पुरं होणारं काम, पहिला ओबडधोबड कट यांसाठी थ्री जॉच वापरा.

यात नवे लोक अडकतात त्या जागा अशा:

जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि ते त्याच क्रमाने त्या-त्या खाचेत घालायचे असतात. स्क्रोलचं टोक पहिल्या खाचेत दिसलं की पहिला जॉ, मग फिरवून दुसऱ्यात दुसरा. क्रम चुकला तर तिन्ही जॉ मध्यावर एकत्र येत नाहीत, लगेच कळतं.

काही चकवर चावीच्या तीन भोकांपैकी एकावर खूण असते. शेवटचं आवळणं नेहमी त्याच भोकातून करा. खूण नसेल तर तिन्ही भोकांतून पिन आवळून डायल बघा, सर्वांत कमी रनआउट देणाऱ्या भोकाजवळ पंचने ठिपका मारा. एक पैसा खर्च न करता चक थोडा सुधारतो.

चावीवर पाइप चढवून आवळू नका. स्क्रोलचे दात आणि जॉ दोन्ही कायमचे बिघडतात. आणि चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, क्षणभरही नाही. मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते.

पट्ट्याच्या लेथवर बॅकप्लेट (स्पिंडल आणि चक यांच्यामधली तबकडी) स्वतः बसवायची असेल तर एक जुनी युक्ती आहे. बॅकप्लेटवर चक बसण्याची कड ०.१ ते ०.२ मिमी लहान टर्न करायची. मग बोल्ट अर्धवट आवळायचे, डॉवेल पिनवर डायल लावून चकच्या अंगावर पितळी हातोड्याने हलके ठोके द्यायचे, आणि काटा स्थिरावला की बोल्ट पूर्ण आवळायचे. त्या व्यासाला चक दोन शतांशांच्या आतही येतो. पण व्यास बदलला की हिशेब पुन्हा बदलतो, आणि जोराचा कट किंवा धक्का बसला तर चक सरकतोही. रोज एकाच मापाचा माल करणाऱ्याने जरूर करावी, इतरांनी त्या वेळात फोर जॉ शिकावा.

४. फोर जॉ: पहिली खरी गुंतवणूक

वर्कशॉपात याला डॉग चकही म्हणतात. यात चारही जॉ स्वतंत्र सरकतात, म्हणून नवा माणूस घाबरतो. मी मात्र छोट्या लेथवाल्याला दुसरा चक म्हणून हाच सांगतो. कॉलेटचा (मालाभोवती सगळीकडून मिटणाऱ्या, चिरा असलेल्या नळ्यांचा) संच नंतरही घेता येईल. फोर जॉमध्ये जॉब एक शतांशाच्या आत आणता येतो आणि तिथे चक किती महाग आहे याला फारशी किंमत उरत नाही, कारण अचूकता डायलमधून आणि तुमच्या हातातून येते. चौकोनी ठोकळा, ओतीव कास्टिंग, मध्य सोडून भोक, सगळं याच्यावर होतं. ट्रॉलरच्या पंपाचं झिजलेलं गनमेटल घर पुन्हा बोअर करायचं असेल तर जुन्या भोकाला डायल लावून त्याच अक्षावर आणायला फोर जॉशिवाय सोयीचं काही नाही.

लावायची पद्धत:

क. चकच्या तोंडावर गोल रेघा कोरलेल्या असतात. चारही जॉ एकाच रेघेवर आणून जॉब हलका धरा. यात दोन-तीन मिलिमीटरची चूक निघून जाते.

ख. जॉबच्या पृष्ठभागावर, जॉच्या जवळ डायल टेकवा. जॉना १, २, ३, ४ म्हणा. १ आणि ३ समोरासमोर, २ आणि ४ समोरासमोर.

ग. १ नंबरचा जॉ डायलसमोर आणा आणि आकडा वाचा. चक अर्धा फिरवून ३ समोर आणा आणि वाचा. समजा १ ला ०.४० आणि ३ ला ०.१०. फरक ०.३०, त्याचा निम्मा ०.१५. म्हणजे जॉब इतका सरकवायचा की दोन्हीकडे ०.२५ यावं. ज्या बाजूला आकडा मोठा तिथला जॉ आवळायचा, समोरचा आधी किंचित सैल करायचा.

घ. तेच २ आणि ४ ला. मग पुन्हा १–३. एका जोडीचं काम चालू असताना दुसऱ्या जोडीला हात लावू नका. नवा माणूस इथेच गोंधळतो: चारही जॉ एकदम फिरवतो आणि काटा कुठल्या कुठे जातो.

ङ. शेवटच्या दोन-तीन शतांशांसाठी कुठलाही जॉ सैल करायचा नाही. फक्त ज्या बाजूला आकडा मोठा, ती आवळत जायचं. हळूहळू चारही घट्ट होतात आणि काटा स्थिर राहतो.

च. आता डायल जॉबच्या बाहेरच्या टोकाकडे न्या. जवळ शून्य आणि टोकाला दहा शतांश असेल तर जॉब चकमध्ये तिरका बसला आहे. नरम हातोड्याने टोकावर हलका ठोका, मग परत जॉजवळ तपासा. दोन्ही जागा जुळेपर्यंत ये-जा करावी लागते. पुष्कळ जण हा टप्पा गाळतात, आणि मग बोअर एका बाजूला बरोबर, दुसऱ्या बाजूला वाकडं येतं.

डायल लावायची जागा मात्र गोल हवी. काळ्या रॉडच्या खवल्यांवर डायल नाचेल, त्यातून काही कळणार नाही. अशा मालाला आधी थ्री जॉमध्ये दोन्हीकडे सेंटर मारून एक पट्टा टर्न करून घ्या. फिनिश झालेला पृष्ठभाग पकडताना जॉखाली तांब्याची पट्टी घाला, नाहीतर जॉचे डाग कायमचे राहतात.

५. कॉलेट: छोट्या गोल मालासाठी, वारंवार बांधायला

एका मापाचे वीस-तीस पिन, शाफ्ट, स्क्रू करायचे असतील आणि प्रत्येक उलटा करून दुसऱ्या टोकाला काम असेल, तर कॉलेट घ्या. छोट्या लेथवर दोन प्रकार समोर येतात, ५सी आणि ईआर. ५सी ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या दांड्याने) मागून ओढला जातो, झटपट उघडतो, पण त्याच्या मूळ मापापासून अगदी किंचितच आवळतो आणि त्याला स्पिंडलचं भोक मोठं लागतं. मिनी लेथच्या २० मिमीच्या भोकात तो मावत नाही. म्हणून बहुतेकांसाठी ईआरच.

ईआर कॉलेटचे आकार बघून घ्या: ईआर-२० मध्ये १३ मिमीपर्यंतचा रॉड बसतो, ईआर-२५ मध्ये १६, ईआर-३२ मध्ये २०, ईआर-४० मध्ये २६ मिमीपर्यंत. मिनी लेथसाठी ईआर-३२ हा सोयीचा मध्य. ३ ते २० मिमीचा अठरा कॉलेटचा संच घेतला की मधली सगळी मापं झाकली जातात, कारण हे मोठे कॉलेट साधारण १ मिमीने आवळतात. १० मिमीचा कॉलेट ९ ते १० धरतो. १०.१ मिमीचा रॉड त्यात ठोकून बसवायचा नाही, तो ११ मध्ये.

आपल्याकडे बोटींच्या कामात इंची रॉड अजून सर्रास येतात, त्यांचा हिशेब आधी करून ठेवा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो १३ च्या कॉलेटमध्ये. तीन अष्टमांश म्हणजे ९.५ च्या किंचित वर, तो १० मध्ये. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, तो ईआर-३२ मध्ये बसतच नाही. तुमचं बहुतेक काम एक इंची स्टेनलेसच्या रॉडवर असेल तर ईआर-४० किंवा सरळ फोर जॉ.

कॉलेट चक दोन पद्धतींनी येतो. एक टेपर शँकचा, जो स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये (ठरलेल्या, नंबरी मापाच्या निमुळत्या भोकात) बसतो आणि मागून ड्रॉबारने ओढतात. स्वस्त आणि बऱ्यापैकी अचूक, पण ड्रॉबारमुळे लांब रॉड स्पिंडलच्या आरपार जात नाही. दुसरा फ्लँजवर बोल्टने बसणारा, ज्यातून रॉड आरपार जातो. रॉडवरून पिना कापायच्या असतील तर दुसराच घ्या, मग भले बसवताना डायल लावून तासभर जावो.

ईआर वापरताना दोन गोष्टी चुकतात. कॉलेट आधी नटमध्ये तिरका धरून "कट" आवाज येईपर्यंत बसवायचा, मग दोन्ही एकत्र चकवर चढवायचे. कॉलेट सरळ चकमध्ये टाकून वरून नट आवळला तर तो मध्यावर बसत नाही, आणि काढताना आत अडकून राहतो. दुसरं, जॉबने कॉलेटची बहुतेक लांबी भरलेली हवी. ईआर-३२ कॉलेट ४० मिमी लांब आहे. त्यात दहा मिमीचा तुकडा पुढे धरला तर कॉलेट मागून जास्त मिटतो आणि जॉब सुटतो. मागे त्याच व्यासाचा तुकडा घालून लांबी भरा.

काळा रॉड, गंजलेला रॉड, बर (कापताना कडेला उरलेली कुसळं) असलेला रॉड कॉलेटमध्ये घालूच नका.

६. दोन सेंटरमध्ये: जुनी पद्धत, अजून सर्वांत भरवशाची

शाफ्ट दोन्ही टोकांकडून टर्न करायचा आहे आणि सगळे व्यास एकाच अक्षावर हवे आहेत? चक काढून ठेवा. दोन्ही टोकांना ६० अंशाचं सेंटर मारा, जॉबला कॅरियर (आवळून बसणारा आकडा) लावा, हेडस्टॉकला सेंटर आणि त्या कॅरियरला फिरवणारी ड्रायव्हिंग प्लेट. जॉब कितीदाही काढा, उलटा करा, टेबलावर नेऊन मोजा आणि परत बसवा, तो त्याच अक्षावर येतो. पंपाचा शाफ्ट मोटरच्या कपलिंगपासून इंपेलरपर्यंत सरळ हवा असतो, त्याला यापेक्षा चांगलं काही नाही. सेंटरचं भोक मात्र नीट हवं. त्यात बर किंवा चिप राहिली तर सगळी मेहनत वाया.

टेलस्टॉक (बेडच्या दुसऱ्या टोकाचा, सेंटर धरणारा आधार) सरळ आहे का हे असं तपासा: २०० मिमीच्या रॉडवर दोन टोकांना दोन पट्टे, क्रॉस स्लाइडला हात न लावता, हलक्या कटने टर्न करा. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. टेलस्टॉककडचा पट्टा ०.०६ मिमी मोठा आला तर टेलस्टॉक तुमच्याकडे ०.०३ मिमी सरकवायचा. लहान आला तर उलट.

डेड (न फिरणारं) सेंटर वापरत असाल तर ग्रीस लावा आणि मधूनमधून सैल करून पुन्हा टेकवा. कटमुळे रॉड तापतो आणि वाढतो. २०० मिमीचा स्टीलचा रॉड ४० अंशांनी तापला तर जवळजवळ ०.१ मिमी लांबतो. त्याला जागा मिळाली नाही तर तो मध्ये वाकतो आणि सेंटर जळतं. रिव्हॉल्व्हिंग सेंटरने जळण्याचा प्रश्न मिटतो, पण स्वस्त रिव्हॉल्व्हिंग सेंटरचा स्वतःचा रनआउट असतो, तोही डायलने बघून घ्या.

७. पातळ रिंग, बुश आणि नायलॉन

इथे चक जितका घट्ट, तितकं काम वाईट. पातळ रिंग थ्री जॉमध्ये आवळली की ती तीन ठिकाणी दाबली जाते. त्या अवस्थेत तुम्ही भोक अगदी गोल बोअर करता, मग चक सोडता, रिंग परत मूळ आकाराकडे जाते आणि भोक तिकोनी होतं. मायक्रोमीटरने दोन बिंदूंत मोजलं तर ते कळतही नाही. बेअरिंग बसवताना कळतं.

स्वस्त इलाज म्हणजे चिरलेला बुश. ॲल्युमिनियमचा जाड तुकडा थ्री जॉमध्ये पकडा, तुमच्या जॉबच्या बाहेरच्या मापाचं भोक बोअर करा, आणि काढण्याआधी १ नंबरच्या जॉसमोर खूण करा. मग हॅकसॉने एक बाजू चिरा, बर काढा. पुढे हा बुश त्याच खुणेवर, त्याच जागी बसवून त्यात जॉब धरला की दाब सगळीकडून सारखा येतो आणि चकचा रनआउटही जवळजवळ निघून जातो, कारण ते भोक त्याच चकवर, त्याच जागी झालेलं असतं. माझ्या मते छोट्या लेथवाल्याने चक घेतल्यावर लगेच शिकायची युक्ती हीच. नेहमीच्या मापांचे असे बुश करून, माप पंचने ठोकून, डब्यात ठेवा.

जॉ दोन तुकड्यांचे, स्क्रूने जोडलेले असतील तर सॉफ्ट जॉही (बोअर करता येणारे नरम जॉ) लावता येतात. ते बोअर करताना मागे एक रिंग पकडून चक आवळलेला हवा, म्हणजे स्क्रोलची ढिलाई निघून जाते. सैल जॉ बोअर करून काही उपयोग नाही. ८० मिमीच्या पुष्कळ चकमध्ये जॉ अखंड असतात, तिथे चिरलेला बुशच.

भोक तयार आहे आणि बाहेरचा व्यास त्याला समअक्ष हवा असेल तर मँड्रेल. साधा मँड्रेल म्हणजे अगदी सौम्य टेपरचा ग्राइंड केलेला दांडा, टेपर साधारण २००० ला १. जॉब त्यावर हलका दाबून बसवायचा आणि दोन सेंटरमध्ये टर्न करायचं. खूप पातळ चकतीला मी फेसप्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट तबकडीवर) किंवा ॲल्युमिनियमच्या ताज्या फेस केलेल्या तुकड्यावर फेव्हिक्विकने चिकटवतो, टेलस्टॉकचा आधार देतो आणि हलके कट घेतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर धरतो, त्यामुळे गोव्याच्या दमट हवेत जॉब जागेवर आणायला फारसा वेळ मिळत नाही. काढताना हीट गनने तापवा, पण खिडक्या उघड्या ठेवून. त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो.

नायलॉनचे बुश बोटवाले आवडीने मागतात. नायलॉन पाणी शोषून फुगतो, हे त्यांना सांगा आणि भोकात थोडी जास्त मोकळीक ठेवा. चकमध्ये तो दबतोही सहज, तेव्हा हात हलका.

८. लांब जॉब

चकबाहेर जॉब व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त निघाला की टेलस्टॉकचा आधार द्या. दहा-बारा पटीपुढे स्टेडी किंवा फॉलोअर रेस्ट, म्हणजे जॉबला मध्ये बोटांनी आधार देणारी चौकट. स्टेडीची बोटं गोल, टर्न केलेल्या पट्ट्यावरच टेकली पाहिजेत. आणि रॉड स्पिंडलच्या मागून बाहेर लोंबत असेल तर त्याला मागे आधार हवाच. फिरता बारीक रॉड अचानक वाकून चाबकासारखा फिरतो आणि मागे उभ्या माणसाचं हाड मोडू शकतो.

आटे असलेल्या स्पिंडलवर उलटं फिरवून कट घेऊ नका किंवा झटकन ब्रेक मारू नका, चक उकलून बेडवर पडतो. चक उतरवताना बेडवर नेहमी लाकडी फळी ठेवा.

९. पावसाळा आणि खारी हवा

जूनपासून गणेशचवथीपर्यंत शेडमध्ये काहीही उघडं ठेवलं तरी गंजतं, आणि समुद्राजवळ घर असेल तर वर्षभर. कॉलेटवर गंजाचा एक ठिपका आला तरी तो जॉबला नेमका तिथेच ढकलतो. कॉलेट, मँड्रेल आणि टेस्ट पिना काम झाल्यावर पुसून, गंजरोधक तेलाचा पातळ हात देऊन, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. लाकडी पेटीत मखमलीच्या अस्तरावर ठेवलेल्या वस्तू दिसतात छान, पण ते कापड ओल धरतं.

चकच्या स्क्रोलमध्ये जाड ग्रीस भरू नका. त्याला बारीक चिप्स चिकटतात आणि त्यांची घासपूड होऊन स्क्रोल झिजतो. अधूनमधून जॉ काढा, ब्रशने साफ करा, तेलाचा पातळ हात द्या. कास्ट आयर्न किंवा नायलॉनचं काम केल्यावर लगेच. चक हवेच्या पाइपने फुंकून साफ करायची घाई करू नका, चिप्स आणखी आत जातात.

१०. खरेदीला निघण्याआधी ही मापं लिहून घ्या

म्हापसा, मडगाव, पणजीच्या हार्डवेअरच्या दुकानांत साधे चक मिळतात. निवड करायची असेल तर चोर्ला घाटातून बेळगावच्या उद्यमबागेत किंवा पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाणारे पुष्कळ आहेत. ऑनलाइनही मागवता येतं. कुठेही घ्या, पण कागदावर हे हवं:

– स्पिंडलचं भोक आणि मोर्स टेपरचा नंबर. टेलस्टॉकचा नंबर वेगळा लिहा, दोन्ही सारखे नसतात. मिनी लेथवर बहुधा स्पिंडलला ३ आणि टेलस्टॉकला २.
– फ्लँज असेल तर चक बसतो त्या कडेचा व्यास, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास आणि बोल्टचं माप. चिनी बनावटीच्या ८० मिमी थ्री जॉमध्ये कड ५५ मिमी, बोल्टवर्तुळ ६६ मिमी आणि बोल्ट एम६ असतात. १०० मिमीच्या चकमध्ये तेच ७२, ८४ आणि एम८. म्हणून ८० च्या जागी १०० चा चक थेट बसत नाही, मध्ये बॅकप्लेट लागते.
– आटे असतील तर बाहेरचा व्यास, पिच आणि आट्यांच्या मागच्या साध्या भागाचा व्यास व लांबी.
– बेडवरून चक फिरायला किती जागा आहे. लेथ छोटा आणि चक मोठा असला की जॉ बाहेर आल्यावर बेडला आपटतात. शिवाय जड चकने छोट्या मोटरला सुरू व्हायलाच त्रास होतो.
– तुमच्या मशीनचा सर्वांत जास्त वेग. चकवर कोरलेली मर्यादा त्यापेक्षा कमी नको. वेग वाढला की जॉ बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि पकड ढिली होते.

जुना चक मिळत असेल तर डॉवेल पिन आणि बिलाच्या कागदाच्या पट्ट्या खिशात घेऊन जा. चावी शेवटपर्यंत फिरवून बघा, मध्येच अडखळली तर स्क्रोलचे दात गेले आहेत. जॉवरचे आकडे आणि चकवरचा नंबर जुळतात का तेही बघा. दुसऱ्याच चकचे जॉ घातलेला चक फुकट मिळाला तरी घेऊ नका.

बॅकप्लेट घेताना कच्ची, फक्त आटे पाडलेली मागा. चक बसण्याची कड आणि चेहरा तुमच्याच स्पिंडलवर चढवून टर्न करायचे आहेत.